रंगवलेल्या बरण्या आणि आत्यांचं लोणचं

माझ्या धाकट्या जावेला टेराकोटाचं वेड लागलं तेव्हा मी म्हटलं, लागू दे. आधी क्रोशाचं लागलं होतं, मग बाटल्यांना सुतळी गुंडाळायचं. ती खुळं आपोआप उतरली होती. दीर फौजेतून सुटून आले, सांगलीत फ्लॅट घेतला, आणि तिथं सकाळची भांडी झाली की हिला दिवस खायला उठायचा. आम्ही इकडं लोणंदजवळ, ऊस आणि म्हशींच्या राड्यात. मला असली खुळं करायला सवड कुठली?

कृती तिनंच मला फोनवर ऐकवली होती, जशी काही पुरणपोळीचीच. रंगात खायचा सोडा कालवायचा, स्पंजनं काचेवर थापायचा, वाळला की पुन्हा थापायचा, की काच लाल खरखरीत होते. वर पांढऱ्या रंगानं वारली बायका काढायच्या, फेर धरून नाचणाऱ्या. आमच्या सात पिढ्यांत कुणी वारली बघितला नव्हता. "ताई, अगदी मातीचा लुक येतो बघा!" मी म्हटलं, "अगं, मग मातीचंच आण की. कुंभार काय मेले काय सगळे?" तर म्हणते, "माती फुटते हो." आणि काच काय फुटत न्हाई व्हय? पण हिला माती नकोच होती. नुसता लुक पाहिजे होता.

घोटाळा असा, की तिनं रंगवल्या त्या बरण्या आत्यांच्या होत्या.

आत्या म्हणजे आमच्या सासूबाई. वय झालं तसं एकेक काम त्यांच्या हातून सुटत गेलं. धार काढणं सुटलं, चुलीवरच्या भाकरी सुटल्या. राहिलं होतं ते कैरीचं लोणचं, आणि त्यात दुसऱ्या कुणी बोट घालायचं नाही. जाड काचेच्या बरण्या भरून त्या दर वर्षी सांगलीला धाडायच्या. बरणी परत देताना रिकामी द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून सांगलीहून बरणीत कधी हळद यायची, कधी गूळ. त्या पाडव्याला जाऊबाई आल्या, तर एकूण एक बरणी लाल, नि आत प्लास्टिकची फुलं. रिकामी द्यायची नाही म्हणून! मी कपाळाला हात लावला.

आत्यांनी एक बरणी खिडकीपाशी नेऊन फिरवून फिरवून बघितली. "आतलं दिसत न्हाई गं," एवढंच म्हणाल्या.

"आवं आत्या, शोसाठी हायत त्या," जाऊ म्हणाली.

ती गेल्यावर आत्यांनी फुलं परसात टाकली, बरण्या आतून धुऊन उन्हात पालथ्या घातल्या, आणि कैऱ्या आल्यावर लोणचं त्यातच भरलं. नव्या आणू म्हटलं तर ऐकेनात. "माझ्या बरण्या हायत ह्या," म्हणाल्या.

त्यांची पद्धत ठरलेली. बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं की लोणचं मुरेपर्यंत उघडायचं नाही. रोज सकाळी बाहेरूनच बघायचं. फोडी तेल पितात, तेल खाली जातं. फोडी उघड्या पडलेल्या दिसल्या तरच फडकं सोडून वरून तेल ओतायचं. आता दिसणार काय? वारली बायकांचा नाच? तरी सवयीनं त्या रोज सकाळी बरण्यांसमोर उभ्या राहायच्या, हात फिरवायच्या आणि आत जायच्या. मी किती वेळा म्हटलं, जरा उघडून बघा. नाही म्हणजे नाही.

आषाढात बेंदराला, बैलांच्या सणाला, सगळे जमले आणि फडकी सोडली. सगळ्या बरण्यांत पांढरी बुरशी.

रंगाचं कुणी नाव काढलं नाही. माझा नवरा म्हणाला, "आई, आता तू निवांत बस." दीर म्हणाले, लोणचं दुकानात मिळतंय. आणि जाऊ माझ्या कानात, पण पलीकडच्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत्यांचा हात गेला हो ताई." माझं टाळकंच सरकलं. "हात न्हाई गेला, तेल गेलं! तुझ्या त्या थापलेल्या सोड्यामागं कुणाला दिसलं न्हाई!" ती हसली. "काहीतरीच! रंग तर बाहेरनं हाय." अशा बाईशी काय बोलायचं? आत्या ओसरीवर बसून सगळं ऐकत होत्या. पुढं वर्षभर विकतचं लोणचं ताटात पडलं की त्या ते बोटानं बाजूला सारायच्या. मला त्यांचं वाईट वाटायचं आणि जावेचा संताप यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात कैऱ्यांचा विषय घरात कुणी काढला नाही. एका दुपारी मी परसात गेले, तर आत्या मांडीत बरणी धरून सुरीच्या पाठीनं रंग खरवडत बसलेल्या. तोंडापासून बुडापर्यंत बोटभर रुंदीची उभी पट्टी. एक वारली बाई मधोमध कापली गेली होती.

"आवं आत्या, सगळाच रंग काढते की मी घासून."

"सगळा कशाला? मला बघायपुरतं बास. तू कैऱ्या आणायचं बघ."

पुन्हा रोज सकाळी त्या बरण्यांसमोर उभ्या राहायला लागल्या. आता वाकून पट्टीतून बघायच्या, आणि दोनदा मला तेल ओतायला लावलं. बेंदराला फडकी सोडली, तर लोणचं असं काही उतरलं होतं, की निवांत बस म्हणणाऱ्यानं मुकाट्यानं तीनदा वाढून घेतलं. आत्यांनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि बरणी पुढं सरकवली.

जावेनं पट्टी बघितली आणि ओरडलीच. "ताई, ही स्ट्राइप कुणी काढली? काय भारी लुक आलाय!" बोलून उपयोग काय?

दिवाळीआधी तिनं मोबाइलवर घरच्या ग्रुपात फोटो धाडला. शोकेसमध्ये नव्या बरण्यांची ओळ, सगळ्या लाल, आणि प्रत्येकीला मोजून मापून एक उभी पट्टी. खाली कौतुकच कौतुक. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तशीच ओसरीवर जाऊन मोबाइल आत्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो लांब धरून बराच वेळ बघितला.

"पट्टी झकास जमलीय की. आत काय भरलंय?"

"काय न्हाई. रिकाम्याच हायत."

आत्यांनी मोबाइल मला परत दिला.

"मग ती रोज सकाळी उठून बघती काय गं?"