मागच्या सीटवरचं दर्शन

जिला समोरचं दिसत नाही अशा बाईनं घाट चढून देवीच्या दर्शनाला कशासाठी जावं, या प्रश्नानं गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी मला धरलं आणि सोडेचना. माझे डोळे पूर्ण गेलेले नाहीत, मधलं तेवढं गेलंय. डॉक्टरांनी पडद्याचा आजार म्हणून बरंच काही समजावलं. मला कळलं ते असं, की ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसलं जातं आणि कडेकडेचं शिल्लक राहतं. व्हिडिओ कॉलवर नातीचा चेहरा बघायला जावं तर मला तिचे कान दिसतात. तिला त्याची भारी गंमत वाटते. "आजी, आज कुठला कान दिसतोय?" असं विचारते. देव्हाऱ्यात मात्र गंमत वाटेना. देवांच्या जागी करडा डाग आणि भोवती लाकडाची नक्षी. मी रोज सकाळी हात जोडून त्या नक्षीला नमस्कार करायची.

मोशीला एका उंच इमारतीत मी एकटी राहते. हे जाऊन काही वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला आहे, फोन चुकवत नाही, पण फोन ठेवला की घर आधीपेक्षा जास्त शांत होतं. त्या शांततेत मी अनेकदा स्वतःशीच बोलते आणि स्वतःच ओरडते, "किती बोलतेस!"

भीमाशंकरच्या रानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाडा गावाच्या पुढे, एक घाट आहे आणि घाटमाथ्यावर शेंदूर लावलेली देवी आहे. दसरा झाला की आम्ही दोघं सायकलीवरून तिच्या दर्शनाला जायचो. वेड यांचं, पण पुढारपण माझं. तेव्हाची मी आत्ता रस्त्यात भेटले तर तिचा कान पिळीन. मनगटावर घड्याळ, नजर डांबरावर, कायम पुढे, आणि दर वळणावर मागं वळून हाका: "चला की हो! झाडं काय मोजताय?" हे जांभळाच्या झाडाखाली थांबायचे, कुठं शेकरू दिसतंय का बघायचे आणि हसत हसत यायचे. मी कंपनीत इन्स्पेक्शनला होते, त्यामुळे देवीच्या कारभारातही मला चुका सापडायच्या. गाभाऱ्यात उभं राहून मी तिला मुलाची परीक्षा, रखडलेला फ्लॅट, सासूबाईंचा दमा असं सगळं सांगून ताकीद द्यायची, की पुढच्या वर्षी येईन तेव्हा हे झालेलं हवं. बिचारी ऐकून घ्यायची.

आमच्या इमारतीतला अमोल सायकलवाल्यांचा एक ग्रुप चालवतो. ज्याला जेवढं झेपेल तेवढं, असा त्यांचा रिवाज आहे. दसऱ्यानंतरच्या रविवारचे तीन बेत होते: नवख्यांनी धरणाच्या काठापर्यंत, सवय असलेल्यांनी खेडहून वाड्यापर्यंत आणि तगड्यांनी वाड्याहून घाट चढून देवीपर्यंत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी त्यांनी दोघांची टँडम सायकल घेतली होती. पुढचा चालवतो, मागचा त्याच्याबरोबर पेडल मारतो.

"आजी, तुम्ही मागं बसा," अमोल म्हणाला.

"मागं? मी? बरं, मागच्या हँडलला ब्रेक तरी आहे का?"

"नाही. ते वळतही नाही."

"मग दिलंय कशाला?"

"हात कुठंतरी ठेवायला नकोत का, आजी?"

मी हो म्हटलं, पण मनात वेगळंच होतं. वर जायचं, देवीसमोर उभं राहायचं, आणि तिथंही करडा डागच दिसला तर घरी येऊन देव्हारा आवरून कपाटात ठेवायचा. मग माझी मी, एकटी. हे मी मुलालाही सांगितलं नाही. देवीला मात्र सांगितलं. प्रार्थना कसली, सरळ धमकी होती ती.

नाशिक रस्त्यावर कंटेनरच्या गर्दीत सायकली नकोत म्हणून घाट चढणाऱ्यांच्या तेवढ्या टेम्पोनं वाड्यापर्यंत नेल्या. तिथं उतरल्यावर कळलं, माझ्यापुढे बसणाऱ्या मुलीची ऐनवेळी शिफ्ट बदलली आणि ती येत नाहीये. बाकीच्यांच्या सायकली एकेक करून निघाल्या. मी टँडमला टेकून त्या सगळ्यांचे आवाज लांब जाताना ऐकत राहिले. अमोल म्हणाला, "टेम्पोत बसा आजी, वर सोडतो." मी नाही म्हणाले. टेम्पोत बसून देवीला धमकी कशी देणार? पण त्या मोकळ्या जागेत उभं राहून मला पहिल्यांदाच वाटलं, की आपण आता कुठल्याच हिशेबात नाही. खेळात कच्चं लिंबू असतं ना, तसं. धावलं तरी चालतं, नाही धावलं तरी चालतं.

तेवढ्यात एक बाई सायकल ढकलत, धापा टाकत आली. खेडहून निघालेल्यांत ती सगळ्यात मागे पडली होती आणि वाटेत तिच्या गिअरची तार तुटली होती.

"आवं, गेली का समदी?" तिनं विचारलं, आणि मग टँडमकडे बघून, "ही डबल कुणाची?"

"माझी. अर्धी."

"आन् म्होरं कोन?"

"कुणी नाही."

तिनं आपली सायकल टेम्पोला टेकवली. "मग मी बसती. पर मला आसली चालवता येत न्हाई, आदीच सांगती."

"मला मागं बसता येत नाही," मी म्हणाले, "तेही आधीच सांगते."

"मग काय, जमलं की!"

तिचं नाव सुनंदा. निघोजेची. जमीन कारखान्यांसाठी गेली, आता खोल्या बांधून कंपनीतल्या पोरांना भाड्यानं देते. शुगर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालायचा कंटाळा म्हणून ही सायकल. अमोलनं आम्हाला शाळेच्या मैदानात चकरा मारायला लावल्या. एकदा पडता पडता वाचलो, दुसऱ्यांदा खरंच पडलो, गवतात. मग त्याच टेम्पोला मागून यायला सांगून आम्ही निघालो.

टँडमची पेडलं एकमेकांना जोडलेली असतात. पुढचीचा पाय खाली गेला की मागचीचाही जातो. हे मला कुणीतरी लग्नाआधी सांगायला हवं होतं. मी नेहमीच्या सवयीनं, पुढं जायच्या जिद्दीनं पाय मारत होते आणि सायकल जागच्या जागी हेलकावत होती. सुनंदा पुढून बातम्या देत होती: "खड्डा! म्हस! आता चढ हाय, धरा!" घाट सुरू झाल्यावर मात्र बातम्या थांबल्या, आणि ती मागं न बघता म्हणाली, "आजी, तुमी रागानं पेडल मारताय. कुणावं राग हाय?"

काय सांगणार? यादी मोठी होती.

"सोडा वाईच," ती म्हणाली. "पाय माज्यासंगं फिरू द्या. न्हाईतर दोगी बी दमून मरू."

मी सोडलं. मोठ्या भक्तीनं वगैरे नाही. माझा दम संपला होता. आणि माझे पाय फिरत राहिले. मी जोर करत नव्हते, तरी फिरत होते. त्या क्षणाबद्दल मला जास्त काही सांगता येत नाही. आपल्याला कुणीतरी चढावर नेतंय आणि आपण ते अडवत नाही आहोत, एवढंच जाणवलं, आणि छातीवरचं काहीतरी उतरलं. मग माझ्या लक्षात आलं, की माझ्या डोळ्यांपुढून रस्ता तेवढा गेला होता. दोन्ही बाजूंचं रान जसंच्या तसं होतं. हिरवं, ओलं, मध्येच सोनकीची पिवळी चादर, आंजनाच्या झाडांची गर्द सावली, आणि एका वळणावर वाकलेलं जांभूळ. इतकी वर्षं धडधाकट डोळ्यांनी मी या रस्त्यावर फक्त डांबर पाहिलं होतं. मला यांना हाक मारून सांगायचं होतं, अहो, दिसलं हो तुमचं झाड. पण मागे हे नव्हते. आता मागे मीच होते.

माथ्यावर धुकं होतं. सुनंदानं हाताला धरून मला देवळात नेलं. मी समोर बघितलं आणि व्हायचं तेच झालं. करडा डाग. भोवती शेंदराची कड, झेंडूच्या माळेचा एक पदर, घंटेची साखळी. मी तशीच उभी राहिले. धमकी आठवत होती, पण ती उच्चारायलाही मन होईना. इतकं रिकामं मला यांच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं.

"आलीस व्हय?"

दाराशी बसून नारळ विकणारी म्हातारी बोलली. मी तोवर देवळात एक शब्दही काढला नव्हता.

"लई वर्सं डोळं लावून बसले. म्हनलं, कुठं गेली ही? मालक कुठं हायेत?"

मी सांगितलं. नारळ फोडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तू हाका मारत यायचीस आन् ते हासत यायचं. मी हितनंच बगायची. म्हनायची, आली बया."

मला तिथं रडू आलं. इतक्या वर्षांत मी त्या म्हातारीकडे एकदाही बघितलं नव्हतं. येताना दर्शनाची घाई, जाताना उताराची. आणि ती दर वर्षी आम्हाला घाट चढून येताना बघत होती, न आलेल्या वर्षांतही वाट बघत होती. कडेला तिचा हात दिसत होता, हिरव्या बांगड्यांचा, खोबऱ्याचा तुकडा पुढे करणारा. दर्शन म्हणजे आपण जाऊन देवीला बघायचं, असं मी जन्मभर धरून चालले होते. तीही आपल्याला बघत असेल, हे माझ्या इन्स्पेक्शनमध्ये कधी आलंच नव्हतं. मी देवीला काही मागितलं नाही. म्हणाले, बाई, आलेय, आणि एकटी आलेय.

उतरताना माझी बोटं सारखी हँडलवर ब्रेक शोधत होती. वारा कानात भरलेला, वळणं एकामागून एक. मी ओरडले तेव्हा सुनंदा म्हणाली, "आजी, वरडू नका हो, मीच भ्यालेय!" ती भ्यालेली आहे हे कळल्यावर माझी भीती का कोण जाणे गेली. कधी नव्हे ते मी हात नुसते ठेवले आणि यांचं एक आवडतं गाणं मोठ्यानं म्हणत, बेसूर, खाली आले.

अशा अनुभवांत मदतीला आलेली माणसं नंतर दिसेनाशी होतात, असं ऐकलंय. सुनंदा काही दिसेनाशी झाली नाही. त्या दिवशी तिनं माझ्या डब्यातली थालीपिठं संपवली, माझा नंबर घेतला, आणि आता रविवारी येते, उशिरा येते आणि वर मलाच म्हणते, "आवरा की." ती गेली की घर पुन्हा तसंच होतं. एकटेपण गेलं असं खोटं लिहिणार नाही. संध्याकाळी ते येतंच, आणि मी त्याला बसू देते.

देव्हारा मी आवरला नाही. एक शोध मात्र लागलाय. त्याच्यासमोर सरळ न बसता जरा तिरकं बसलं आणि भिंतीकडे बघितलं, तर डोळ्याच्या कडेला देवीची नथ चमकते. तेवढी नथ मला पुरते. बाकीचं बघण्याचं काम मी तिच्यावर सोपवलंय.