युद्धनौकेची बंद पाकिटं

लातूरला आमच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि तिथं बसून मी युद्धनौकांचे टपाली शिक्के जमवतो. लोक हसतात. हसू द्या. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि समुद्र आजवर दोनदा पाहिलाय. त्यातल्या एका वेळी पाऊस होता, त्यामुळे नीट दिसला नाही.

काम सोपं असतं. पाकिटावर स्वतःचाच पत्ता लिहायचा, तिकीट लावायचं, आत पुठ्ठ्याचा तुकडा घालायचा म्हणजे शिक्का सपाट उमटतो. मग हे पाकीट मोठ्या पाकिटात घालून जहाजाच्या पत्त्यावर पाठवायचं. जहाजावरचा माणूस त्यावर जहाजाचा गोल शिक्का मारतो, पाकीट चिकटवतो आणि टपालात टाकतो. ते घरी आलं की फोडायचं नाही. कधीच नाही. फोडलेल्या पाकिटाला आमच्यात कुणी विचारत नाही. आत असून असून असणार काय, तर आपलाच पुठ्ठा.

माझ्या बाबतीत जहाजावरचा माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. आमचं गाव देगलूर तालुक्यात. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, वाटत होतं, मी मास्तर झालोच आहे, धाकट्यानं तरी शेत बघावं. त्यानं गुपचूप नौदलाची परीक्षा दिली आणि निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. आबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "जा. पर आता ह्या दारात यायचं तर मला इच्यारून यायचं." भावानं विचारलं नाही. दोघंही एका मातीचे. त्याचा फोन मला यायचा, सुट्टीला तो मित्रांच्या गावी जायचा. मी गावी गेलो की आबा विचारायचे, "तब्येत बरी हाय का त्याची?" मी म्हणायचो, "हाव." एवढ्यावर आमच्या घराचं चाललं होतं.

पाकिटं मात्र चुकायची नाहीत. दर महिन्याला मी एक पाठवायचो, दर महिन्याला एक यायचं. दोन वर्षांपूर्वी एका पाकिटावरचा शिक्का तिरका उमटला. मला राग आला. पुढच्या पाकिटाबरोबर मी चिठ्ठी घातली: "मागचा शिक्का तिरका होता. जरा लक्ष देऊन मारत जा." पुढचा शिक्का अगदी सरळ आला. भावाचे फोन त्यानंतर कमी झाले. मला वाटलं, ड्यूटी वाढली असेल.

परवा सुट्टीत माझी पाकिटांची वही घेऊन नांदेडला गेलो. तिथं एक म्हातारे घड्याळजी आहेत. घड्याळं आता कोण दुरुस्त करतं, त्यामुळे त्यांना पाकिटं बघायला भरपूर वेळ असतो. भिंग लावून त्यांनी वही पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अजी मास्तर, पुठ्ठा आत ठेवला तुम्ही? पुठ्ठा कागदाला खातो. ये देखो, डाग पडायलेत. वाफेवर अलगद उघडा, काढून टाका सगळे, नाहीतर सत्यानाश."

घरी येऊन मी चहाच्या भांड्यावर एकेक पाकीट धरायला लागलो. वाफेनं गोंद सुटायचा, मी पुठ्ठा काढायचो, पाकीट परत चिकटवायचो. तिरक्या शिक्क्याच्या पाकिटातून पुठ्ठा निघाला नाही. घडी घातलेला कागद निघाला. जाडी तेवढीच होती.

"आबांना नमस्कार. मी न विचारता गेलो ते चुकलं. आता विचारतो. दिवाळीला येऊ का? ये म्हणत असाल तर दादाच्या पुढच्या पाकिटात एक ओळ लिहून द्या. नसेल तर काही लिहू नका, मी समजेन."

मी खुर्चीत बसलो. आलेली पाकिटं मी फोडत नाही, हे त्याला कधी सांगितलंच नव्हतं. गॅस चालू राहिला, भांड्यातलं पाणी आटून गेलं. पुढच्या पाकिटात एक ओळ गेली होती. ती माझी होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गाव गाठलं. आबा गोठ्यात होते. चष्मा नव्हता म्हणून मीच वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"कवाचं हाय हे?"

"दोन वर्षांपूर्वीचं."

"कुटं व्हतं?"

"माझ्याजवळ. वहीत."

"तू वाचलं न्हाईस?"

"फोडलंच नाही आबा. फोडलं की किंमत जाते."

"कशाची?"

मी कागदाची घडी घातली. आता चार शिव्या बसतील तर बऱ्या, असं वाटत होतं. आबांनी म्हशीपुढं कडबा टाकला, हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "फोन लाव त्याला."

मी लावला. भावानं उचलला. मी म्हटलं, "आबांना बोलायचंय," आणि फोन आबांकडं दिला. आबांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"म्या हाय. तुझा कागद भेटला व्हता, तवाच. मीच जवाब दिला न्हाई. डोस्कं फिरलं व्हतं माझं. आता देतो. ये."

माझे आबा तलाठ्यासमोरसुद्धा खोटं बोललेले मला माहीत नाहीत. मी हात पुढं केला, फोन मागितला, मला सगळं सांगून टाकायचं होतं. त्यांनी पाठ फिरवली. पलीकडून भाऊ काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. आबा फक्त "हाव, हाव" करत राहिले, आणि एकदा म्हणाले, "रडतुस कशाला येड्या."

फोन ठेवल्यावर त्यांनी तो माझ्या खिशात घातला. "त्याला काई सांगू नगं," म्हणाले. "माझ्यावर रुसायची त्याला सवय हाय. तुझ्यावर न्हाई."