पंचविसाव्याचं पाणी

मी अजून पाण्यात होतो आणि त्यांनी तलावातलं पाणी सोडून द्यायला सुरुवात केली.

आधी मला कळलंच नाही. इंदूरच्या त्या क्लबचा तलाव पंचवीस मीटरचा. तीस फेऱ्या पोहायचं, लगेच वीस किलोमीटर सायकल, लगेच पाच किलोमीटर पळायचं. सगळं एका दमात. याला स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणतात, हे मला महिन्यापूर्वीच कळलं होतं. पाण्यात मी एकटा होतो. सुरुवातीला पाणी काठावरून बाहेर सांडत होतं. विसाव्या फेरीला भिंतीला हात लावला तर काठ वर गेलेला. निळ्या फरश्यांची एक ओळ उघडी पडलेली. खोल बाजूला तळातून घरघर येत होती. मला वाटलं, मीच दमलोय, भास होतोय.

तिसावी फेरी संपवून वर चढलो. कैलास, तिथला लाइफगार्ड, काठावर उभा होता.

"कैलास भिया, पानी कम क्यूँ हो रिया है?"

"वाल खोल दिया है. आप जाओ यार, टाइम जा रिया है."

वाल म्हणजे तळातलं पाणी बाहेर काढायची चावी. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी ओल्या पायांवर बूट चढवले आणि सायकल घेऊन निघालो. पहिले दोन किलोमीटर माझ्या डोक्यात पाणी नव्हतंच. साबण होता.

पोहायच्या आधी बाकीचे चोवीस जण शॉवरखालून नुसते पळत गेले होते. माझ्या हातात मात्र कैलासनं साबणाची नवी वडी ठेवली होती. "अच्छे से नहा लेना. साहब ने बोला है." आणि मी केली अंघोळ. दोनदा केली. काखा, मान, कानांच्या मागं, नखं. चड्डीसुद्धा धुतली. त्यांनी मला घाण ठरवलं आणि मी मुकाट्यानं घासत बसलो. आज हे लिहिताना मला सगळ्यात जास्त किळस त्या दुसऱ्या अंघोळीची येते.

आमची मिल बंद होऊन तेव्हा चौथं वर्ष चाललं होतं. आम्ही बौद्ध. पणजोबा महूला फौजेत होते, आजोबा तिथून इंदूरला मिलमध्ये आले, त्यांच्यामागे बाबा. बाबांनी सव्वीस वर्षं सूतखात्यात काढली. कापड विणायच्या खात्यात पगार जास्त होता. बाबांनी तिथं चार वेळा अर्ज केला. चारही वेळा उत्तर एकच, "अभी जगह नहीं है." जागा होती. पण विणताना सुताची नळी संपली की नव्या नळीचा धागा धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी होडीच्या, भोकातून तोंडानं ओढून काढायचा असतो. आज एकानं ओढला, उद्या त्याच धोट्याला दुसऱ्याचं तोंड. आमचं उष्टं कोण तोंडात घेणार? हे बाबांना कुणीही तोंडावर सांगितलं नाही. साहेबानं नाही, मुकादमानं नाही, शेजारी बसून बिडी ओढणाऱ्यांनीही नाही. बाबाही घरी म्हणायचे, जागाच नव्हती. सगळ्यांना सगळं माहीत आणि सगळे गप्प.

पोहायला मी मिलच्याच तलावात शिकलो. इंजिनाचं गरम पाणी निवायला सोडायचे तो तलाव. थंडीतही कोमट असायचा. चाळीतली सगळी पोरं तिथं पडलेली असायची. सायकल हा माझ्या पोटाचा धंदा होता. मी पलासियाच्या एका कुरिअरवाल्याकडे होतो. पोलोग्राउंडचे कारखाने, बँका, विजय नगरची नवी ऑफिसं, दिवसाला साठ-सत्तर पाकिटं टाकायचो. आणि पळायचो उगाच. मिल बंद झाल्यावर घरात बसवत नव्हतं म्हणून.

मामासाहेबांच्या ऑफिसात मी रोज पाकिटं द्यायचो. त्यांना सगळे मामासाहेबच म्हणायचे. जुन्या दरबारी सरदारांचं घराणं, क्लबच्या क्रीडा समितीचे प्रमुख. त्यांच्या टेबलावर स्पर्धेचा कागद होता. मी विचारलं, कुणीही भाग घेऊ शकतं का?

"अरे वा, मराठी पोरगा! घेऊ शकतो म्हणजे काय, घ्यायलाच हवा. आपल्या लोकांनी पुढं यायला पाहिजे." त्यांनी स्वतः फॉर्म काढला, स्वतः पेन उघडलं. नाव लिहिलं. "मूळचे कुठले तुम्ही?"

"महूचे. पणजोबा फौजेत होते."

"अच्छा. महू." पेन थांबलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून झालं, हातांकडे बघून झालं. मग पुन्हा गोड आवाजात, "छान, छान. तू स्पर्धेच्या दिवशी सकाळी जरा उशिरानंच ये. घाई नको करूस."

स्पर्धेच्या सकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ, तलावात लेन सहाच आहेत. सहा-सहाच्या चार तुकड्या झाल्या. तू पंचविसावा. तुला एकट्याला सोडतो शेवटी. घड्याळ प्रत्येकाचं वेगळंच आहे, काही फरक पडत नाही. उलट अख्खा तलाव तुझा." मी त्यांना थँक्यू म्हणालो. वाकून म्हणालो. हिशोब बरोबरच होता ना, चार सक चोवीस. तो आकडा त्यांनी कसा जमवला, हे मला खूप नंतर सुचलं. त्या दिवशी आलेल्या दोघांना त्यांनी उशीर झाला म्हणून परत पाठवलं होतं. आम्ही सत्तावीस होतो. ते दोघं असते तर माझ्याबरोबर त्याच पाण्यात उतरले असते.

सायकलवर मी आधीच्या तुकडीतल्या पोरांना गाठलं. त्यांच्या सायकली बाहेरून आणलेल्या, गिअरच्या. माझी काळी, जड, मागं पाकिटांचं कॅरिअर. विजय नगरकडचा रस्ता तेव्हा मोकळा होता, नव्या इमारतींचे नुसते खांब उभे. मी एकेकाला मागं टाकत गेलो. पळताना तर माझ्यापुढे कुणी टिकतच नव्हतं. पोटात कळ येत होती आणि मी मनात आकडे धरत होतो. पहिले तीन राज्याच्या स्पर्धेला जाणार होते. मला जायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी इतकं हवं होतं की लाज वाटत होती.

शेवटच्या रेषेवर घड्याळ धरलेल्या कॉलेजच्या मुलीनं तिन्ही वेळा जोडल्या आणि ओरडली, "थर्ड! आप थर्ड हो!" तिनं कागदावर तसं लिहिलंही. मी पाहिलं.

तासाभरानं फलकावर निकाल लागला. तिसरं नाव भलत्याचंच. माझं नाव कुठंच नाही. मी मामासाहेबांकडे गेलो.

"अरे, तुझं पोहणं धरता येत नाही," ते म्हणाले. "तुझ्या वेळेला पाण्याची पातळी कमी होती. नियमात बसत नाही. माझा नाइलाज आहे रे."

"पाणी तुम्हीच सोडलं."

"क्लब उद्या बंद असतो, सफाई असते. वाल कधी उघडायचा ते माणसं बघतात, मी थोडीच बघतो?"

मी कैलासला शोधलं. तो तलावामागं पाइप गुंडाळत होता. त्यानं आधी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाला, "काहे की सफाई? परसों ही तो भरा था, टैंकर मँगा-मँगा के. साहब बोले, वो आखिरी वाला उतरे तो वाल खोल देना, मेंबर लोग को दिखना चाहिए कि पानी बदल रिया है. मेरी नौकरी है भिया, मेरा नाम मत लेना."

आमच्या चाळीत नळाला एक दिवस आड पाणी यायचं, अर्धा तास. इथं एक माणूस उतरला म्हणून अख्खा तलाव गटारात. मला उलटी झाली, तिथंच, त्यांच्या कापलेल्या गवतावर. बरं वाटलं.

तेवढ्यात माइकवर माझं नाव आलं. मामासाहेब बोलत होते. बंद मिलच्या कामगाराचा मुलगा, साधी सायकल, केवढी जिद्द, त्याला विशेष प्रोत्साहन पारितोषिक. टाळ्या. मी वर गेलो. त्यांनी माझ्या खांद्याच्या वर, हवेत, हात धरला. खांद्याला लावला नाही. फोटोत लावल्यासारखा दिसला असता. अत्तराचा वास आला आणि मला पुन्हा किळस आली. पण या वेळी किळस माझी नव्हती. त्या हवेत धरलेल्या हाताची होती, त्या गोड आवाजाची होती, खाली टाळ्या वाजवणाऱ्या, सगळं पाहिलेल्या माणसांची होती.

त्यांनी पुढं केलेला बक्षिसाचा कप मी घेतला नाही. म्हणालो, "मी तिसरा आलोय. मला तिसरा म्हणा."

माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

"अरे, असं काय करतोस? घरी ये, निवांत बोलू. आपली मराठी माणसं आपण."

मी खाली उतरलो, फलकाशी गेलो, खिशातलं पाकिटांवर लिहायचं पेन काढलं आणि तिसऱ्या ओळीच्या वर माझं नाव लिहिलं. आडनावासकट. पुढं वेळ लिहिली. मामासाहेब धावत आले. धापा टाकत त्यांनी कैलासला हाक मारली, "ए कैलास, काट इसको!"

मी पेन कैलासला घेऊ दिलं नाही. मामासाहेबांच्या समोर धरलं.

"तुम्ही खोडा. तुमच्या हातानं. सगळे बघतायत."

ते इकडंतिकडं बघू लागले. कुणी पुढं आलं नाही. शेवटी त्यांनी रुमालानं पेन धरलं आणि माझ्या नावावर आडवी रेघ मारली. रुमालानं धरलेलं सगळ्यांनी पाहिलं. ती वेळ घेणारी मुलगी तेवढी रडायला लागली.

राज्याच्या स्पर्धेला मी गेलो नाही. माझ्या जागी भलताच कुणी गेला. ते मला परत मिळणार नाही आणि मी मनाची समजूतही घालत नाही.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, काय झालं? सवयीनं तोंडात आलं होतं, "जागा नव्हती." ते मी गिळलं. सगळं सांगितलं, साबणापासून रुमालापर्यंत. बाबा उठून बाहेर गेले. मी थांबवलं नाही.

तेव्हापासून मी एकच ठरवलंय. मला बाहेर काढायचं असेल तर काढा. पण नियमाच्या मागं लपून नाही, नोकराच्या हातून नाही, गोड बोलून तर नाहीच. समोर या, पेन हातात घ्या, आणि मी बघत असताना खोडा. मी नजर खाली घालणार नाही.