ताईच्या लेक्चरचा वेळ मी खाल्ला

मंडळी, आज लई दमलोय, आन् चूक माझीच हाय.

युनिव्हर्सिटीत जपान-कोरियावर कार्यक्रम होता. सत्काराच्या चादरी पोचवायला मी गेलतो. सोलापुरात चादर घेतल्याबिगर पाहुणा सुटतोय व्हय? सत्काराची यादी टेबलावर पडलेली दिसली आन् मला खाज सुटली. मंडपवाला, आचारी, माईकवाले अण्णा आन् मी, चार नावं खाली घुसवली.

चौघांचा सत्कार झाला की राव! माईकवाल्या अण्णांनी तर मनोगत पण ठोकलं, वीस मिनिटं.

मग कळलं, शेवटी एक पीएचडीवाली ताई शिकवून दाखवणार होती. ते बघून विभागाचे मोठे सर तिला शिकवायला वर्ग देणार होते. तिला पाचच मिनिटं मिळाली. सर घड्याळ बघत उठले, म्हणले, "पुढच्या वर्षी बघू."

मी जाऊन सांगितलं, "ताई, ती नावं मी घातली."

वाटलं, आता कानाखाली बसतीय. ती म्हणली, "महिनाभर तयारी केलीय. आता तू बस पुढं, आन् ऐक."

रिकाम्या हॉलमधी एकटा बसलो. जपानची पोरं आपला वर्ग आपणच झाडत्यात, तितनं सुरू करून तिनं जपान-कोरियाच्या लढाईपातूर नेलं. कुणी शिकवताना मला झोप आली न्हाय, असं पहिल्यांदाच झालं.

उद्या मोठ्या सरांकडं जाणार हाय. पण 'ही लई चांगलं शिकवती' असं दहावी नापास माणूस म्हणला, तर सर ऐकतील का? तुमीच सांगा.