माझ्या बाजूची नळी

संस्थानं विलीन झाली आणि राजेलोकांच्या गाड्या विकायला निघाल्या, त्या काळात माझं लग्न झालं. धुळ्याला सासरी कापसाचा जिन होता, सरकी काढायचा कारखाना. माहेर जळगावचं, मेहरूणकडचं. सासरी येऊन वर्ष उलटत होतं तेव्हा माझ्या नवऱ्याने त्यातलीच एक गाडी आणली. लांबलचक बॉनेटची, उघडी, दोनच माणसं बसतील अशी विलायती गाडी. कुठल्याशा युवराजाने ती शर्यतीत पळवली होती, असं तो येईल त्याला सांगायचा. इंजिन ठणठणीत होतं, पण धूर बाहेर नेणारी नळी गंजून तिची चाळण झाली होती. तिथपासून पुढे सगळं सुरू झालं.

दुसरा कुणी असता तर त्याने बाजारातून साधी नळी आणून बसवली असती. माझ्या नवऱ्याला साधं काही चालत नसे. जळगावहून एक मिस्त्री बोलावला गेला. गोरा, गुबगुबीत, तोंडात कायम तंबाखूचा बार. तो आमच्याकडे राहायलाच आला. दोघांनी दिवाणखान्यातली सतरंजी गुंडाळून बाजूला सारली आणि फरशीवर खडूने ती गाडी आखली, खरी गाडी असते तेवढीच लांब. मग इंजिनाची सहा तोंडं काढली आणि प्रत्येक तोंडापासून एकेक नळी कशी निघेल ते तारा वाकवून बघत बसले. कुणी त्या खडूवर पाय द्यायचा नाही. मला देवघरात जायचं तर मागच्या अंगणातून वळसा घालून जावं लागे. हातात फुलांची परडी घेऊन मी अंगण फिरत जायची, आणि आतून या दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा.

त्यांचं बोलणं मला समजत नव्हतं असं नाही. मिस्त्रीने एकदा समजावून सांगितलं होतं. "वहिनीसाहेब, सहाही तोंडं आपापल्या पाळीने धूर सोडतात. सगळ्या नळ्या सारख्या लांबीच्या ठेवल्या, की एकीतला धूर जाता जाता पुढच्या नळीतला ओढून नेतो. इंजिनाला जोर करावा लागत नाही, गाडी पळते." मला ते पटलं होतं. चांगलीच वाटली होती ती कल्पना. पण पळण्याशी माझ्या नवऱ्याला फारसं घेणंदेणं नव्हतं, हे मला लवकरच कळलं. त्याला आवाज हवा होता.

जेवताना तो तोंडाने आवाज काढून दाखवायचा. घास तोंडात असतानाच. "नुसतं घर्र नको, मिस्त्री. आधी असं, आणि मग असं..." आणि वरणाचे शिंतोडे ताटाबाहेर उडायचे. मिस्त्री मान डोलवायचा आणि तोही तसाच आवाज काढायचा. पाटावर बसलेले दोन मोठे पुरुष ओठ थरथरवत एकमेकांवर तोंडातलं अन्न उडवताहेत, आणि मी समोर भाकरी वाढते आहे. माझी अन्नावरची वासनाच उडाली. मी नंतर स्वयंपाकघरात बसून जेवायला लागले.

मग वाळूचं प्रकरण झालं. जाड नळी वाकवायची तर तिच्यात वाळू ठासून भरतात, म्हणजे तापवून वाकवताना ती चेपत नाही. वाळू मात्र कोरडी ठणठणीत लागते. पाण्याचा अंश राहिला तर वाफ होऊन नळीचं बूच उडतं, माणूस मरतो म्हणे. पांझरा नदीतून वाळूची पोती आली. जिनात भट्टी होती, लोहाराचं काम करणारी माणसं होती. तिथे भाजायची सोडून नवऱ्याने ती आमच्या चुलीवर भाजायला लावली. का, तर तिथली माणसं नीट भाजणार नाहीत. पंगतीच्या वरणाची मोठी कढई चढली. तिच्यात नदीची वाळू, तिच्यातले शिंपले, कसली कसली हाडकं, कुजक्या पानांचा वास. घरभर जळका, ओला, माशासारखा वास भरला. आमच्याकडे स्वयंपाकाला एक अक्का होत्या, वयस्कर. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बठ्ठी कढई नासी गयी, वहिनी. आते येमा वरण कसं रांधू?"

मी म्हटलं, "मला काय विचारता अक्का, त्यांना विचारा."

अक्कांनी विचारलं नाही. कुणीच विचारत नसे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. ते एवढंच म्हणाले, "पोराची हौस शे, फिटू दे एकदाची." पुढे कितीतरी दिवस भाकरीत, भरितात, शेवेच्या रश्श्यात कचकच लागत राहिली.

नळी कुठून न्यायची, यावर शेवटचं बोलणं झालं ते मी ऐकलं. मी दाराआड सुपारी कातरत होते. मिस्त्रीचा बेत होता, की नळ्या गाडीच्या पोटाखालून नेऊन मागे सायलेन्सर बसवायचा. नवरा म्हणाला, "छे! पोटाखाली गेली तर दिसणार कुणाला? बॉनेटच्या बाजूने बाहेर काढा सहाही. दरवाजाखालून लांब न्या. निकल लावा. आणि सायलेन्सर नको."

"मग ती डाव्या अंगाने येईल," मिस्त्री म्हणाला. "इंजिनाची तोंडं त्याच बाजूला आहेत. म्हणजे वहिनीसाहेबांच्या बाजूला. तापेल फार. साडी जळेल."

"साडी आवरून बसेल ती."

"बरं. शेठ म्हणतील तसं," मिस्त्री म्हणाला आणि खिडकीतून बाहेर थुंकला.

मला राग आला नाही. किळस आली. जेवणात केस निघावा तशी. माझं अंग, माझे पाय त्या खडूच्या चित्रात कुठेतरी होते आणि दोघांनी ते बघून सोडून दिले होते.

नळी झाली. दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोलू. सहा चकचकीत नळ्या बॉनेटमधून निघून खाली वळायच्या आणि एका जाड नळीत शिरायच्या. पहिल्यांदा गाडी सुरू झाली तेव्हा पत्र्यावरची कबुतरं उडाली, शेजारच्या घरातली तान्ही पोर किंचाळून रडायला लागली. तिची आई तिला छातीशी धरून दारात आली. नवऱ्याने तिच्याकडे बघून हात हलवला. तिने टाळ्या वाजवल्या असत्या तर जसा हलवला असता, तसा.

त्याचा एक मित्र रावेरला होता, केळीचा बागायतदार. त्याच्या घरी लग्न होतं. नवरा म्हणाला, गाडीनेच जाऊ. मी नाही म्हणू शकले असते का? त्या वेळी सुचलंही नाही. सकाळी धुळ्याहून निघालो. पारोळा, एरंडोल, जळगाव. दोन्ही हातांनी पदर आणि निऱ्या गुडघ्याशी आवळून मी बसले होते. पायाला झळ लागत होती, जळक्या तेलाचा धूर वाऱ्याने नाकातोंडात येत होता. जळगावात माझ्या माहेरच्या वाटेवरून गेलो. मी म्हटलं, "आईला भेटू या का दोन मिनिटं?" त्याने ऐकलंच नाही. त्याला ऐकू येणंच शक्य नव्हतं. गावातून जाताना तो मुद्दाम गाडीचा जोर वाढवायचा, आणि दुकानांतली माणसं बाहेर आली की दात दाखवायचा.

नशिराबादच्या अलीकडे सरळ रस्ता आहे. समोरून कापसाची बैलगाडी येत होती. वर बोंदऱ्यांवर, कापूस भरलेल्या पोत्यांवर, एक बाई बसलेली, पुढे तिचा म्हातारा सासरा कासरे धरून. म्हाताऱ्याने लांबूनच आमचा आवाज ऐकला असावा. तो खाली उतरून बैलांच्या तोंडाशी उभा राहिला आणि हात वर करून थांबा थांबा म्हणत होता. नवऱ्याने जोर वाढवला.

बैल बुजले. म्हातारा बाजूला फेकला गेला, बैलगाडी रस्ता सोडून कडेच्या चारीत गेली, आणि कापसाच्या बोंदऱ्यांसकट ती बाई खाली आली. हे सगळं मी मान वळवून बघितलं.

"थांबवा!" मी ओरडले. "अहो, गाडी थांबवा, बाई पडली!"

तो हसत होता. मला वाटतं, मी आनंदाने ओरडते आहे असं त्याला वाटलं. मी त्याचा दंड धरून हलवला. त्याने माझ्याकडे बघून मान डोलवली. मग मी पुढे वाकले आणि गाडीची किल्ली फिरवून काढून घेतली.

एकदम सगळं बंद झालं. गाडी आपोआप पुढे घरंगळत राहिली. मागून त्या बाईचं कण्हणं ऐकू यायला लागलं.

"वेडी आहेस का तू?" तो म्हणाला. गाडी थांबता थांबता मी उतरले. उतरताना पोटरी त्या नळीवर टेकली. चर्र झालं. मी खाली बघितलं नाही, किल्ली त्याच्या मांडीवर टाकली आणि मागे चालायला लागले.

बाईचा उजवा हात कोपरापाशी भलताच वळला होता. म्हातारा बैलांना चुचकारत रडत होता. आम्ही दोघांनी तिला बसतं केलं. तेवढ्यात माझा नवरा गाडी उलटी घेत तिथवर आला. त्या आवाजाने बैल पुन्हा उसळले. मी जोरात हात केला, तेव्हा त्याने इंजिन बंद केलं.

"चल," तो म्हणाला. "मुहूर्त टळेल. गावातली माणसं येतीलच, बघतील ते."

"तुम्ही जा."

"लोक काय म्हणतील? एकटाच गेलो तर?"

मी त्या बाईला पाठीला धरून बसले. त्याने रुमालाने नळीवरची धूळ पुसली आणि तो गेला. खरोखरच गेला. रावेरला लग्नात जेवून आला, हे मला नंतर समजलं.

नशिराबादहून दुसरी बैलगाडी आली. तिच्यातून आम्ही त्या बाईला जळगावच्या दवाखान्यात नेलं. वाटेत तीच मला म्हणाली, "अवं बाई, तुह्या पायाले काय झालं?" तेव्हा मी पहिल्यांदा पाय बघितला. वीतभर फोड आला होता आणि साडीचा काठ मांसाला चिकटला होता.

दवाखान्यातून मी मेहरूणला आईकडे गेले. आईने कोरफडीचा गर लावला. कुणी नसताना विचारलं, "त्याने उतरवलं का तुला?"

"नाही. मी उतरले."

आई गर लावत राहिली.

काही दिवसांनी नवरा मला न्यायला आला, सोबत मिस्त्री. नवऱ्याच्या बगलेत कागदाची गुंडाळी होती. मला वाटलं, निदान तोंड पाडून येईल. तो उत्साहात होता. आईच्या ओसरीवर त्याने कागद पसरला.

"हे बघ. नळीवर अशी जाळी बसवायची. मध्ये बोटभर जागा. हवा खेळती राहील. आता पाय टेकला तरी भाजणार नाही. तुझ्यासाठी केलंय सगळं."

"आणि त्या बाईचा हात?"

"कुठल्या बाईचा?"

त्याने हे वाईट मनाने विचारलं नव्हतं. त्याला खरंच आठवेना. मी आत गेले, मोरीत तोंड धुतलं. बाहेर येऊन सांगितलं, आधी नशिराबादला त्या माणसांकडे जायचं, टांग्याने, आणि मग पुढचं बोलायचं. आईसमोर त्याला नाही म्हणता आलं नाही.

गेलो. मला वाटलं होतं ती माणसं शिव्या देतील. मी त्याची वाटच बघत होते, खरं सांगायचं तर. म्हाताऱ्याने खाटेवर गोधडी अंथरली, गुळाचा चहा आला. म्हातारा म्हणाला, "गाडी नाई आनली, भाऊ? पोरायले पाहाची होती." बस्स. माझा नवरा खुलला. खाटेवरून उतरला आणि अंगणातल्या धुळीत बोटाने त्या सहा नळ्या काढून दाखवायला लागला. शेजारपाजारची माणसं भोवती बसली, म्हातारा कौतुकाने ऐकत होता. माफीचा शब्द राहूनच गेला. मी ज्यासाठी त्याला तिथे आणलं होतं, त्याचं असं झालं. त्याची किळस येत होतीच, आता त्या म्हाताऱ्याचीही यायला लागली. आणि हे मला जास्तच लागलं, कारण त्याची सून मोडका हात घेऊन आतच बसली होती.

मी तिच्याकडे गेले. हात गळ्यात बांधला होता. कापूस वेचायचे दिवस चालू होते आणि ती डाव्या हाताने लसूण सोलत होती. बाहेरचा हशा ऐकत म्हणाली, "मले तं अजून सपनात तोच आवाज येतो वं माय. बुढ्याले नाई येत."

मी तिच्यापुढची परडी ओढली आणि तिच्याबरोबर लसूण सोलत बसले.

धुळ्याला मी एस.टी.ने परतले. त्या गाडीत पुन्हा पाय ठेवला नाही. आबा एकदा रागावले, एकदा समजावून गेले, मग सगळ्यांनी सोडून दिलं. पुढे नवऱ्याचा डावा कान दिवसरात्र गुणगुणायला लागला. डॉक्टरने सांगितलं, हा आवाज बंद करा नाही तर कान जाईल. लगेच मिस्त्री आला, पुन्हा दिवाणखान्यातली सतरंजी उचलली गेली, आणि त्या नळीला सायलेन्सर बसला. शेजारणीच्या पोरीसाठी नाही, बैलांसाठी नाही, त्या हातासाठी नाही. आणि ही नवी योजना आपल्याला कशी सुचली, हे तो येईल त्याला सांगायचा.

पुढे इंदूरच्या एका माणसाने ती गाडी विकत घेतली. ती नेली त्या दिवशी नवरा फाटकाशी कितीतरी वेळ उभा होता. आत आला तेव्हा डोळे ओले होते.

"तुला काहीच वाटत नाही?" त्याने विचारलं.

"वाटतं ना," मी म्हटलं. "बरं वाटतं."

तो संध्याकाळपर्यंत पुन्हा फाटकाशी जाऊन उभा राहिला. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, भाजी कसली केली आहे म्हणून.