हिर्डोशीच्या राईतली हिरवी आमरी

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. कौलबिल मला पटत नाही. पण हिर्डोशीच्या राईतून देवीला विचारल्याशिवाय वाळकी काटकीही कोणी उचलत नाही, आणि गाव माझ्या मामांचं. मला एकच फूल हवं होतं. आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या कुळातलं, हबेनारिया प्रजातीतलं, एवढं बघताक्षणी कळत होतं. नेमकी जात ठरवायची तर फुलाचा ओठ आणि त्यामागची शेपटीसारखी नळी नीट बघायला हवी होती.

मामांनी देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर तोडायचं. डावी पडली, तीही लगेच. मी मनातून चरफडले.

"तोडू नगं म्हनली. बघू नगं असं न्हाई म्हनली," मामा म्हणाले.

म्हणून मी चिखलात पालथी पडले आणि भिंग घेऊन नाक फुलाला भिडवलं. फुलं हिरवी, पानं हिरवी, गवतही हिरवंच. ओठाचे तीन फाटे दिसले. नळी मागे वळलेली होती, म्हणून मान आणखी पुढे घातली. मागच्या पानाला खवले होते.

"चापडा हाय," मामा हळू म्हणाले. "हलू नगं. पापनी बी न्हाई."

चापडा हा हिरवा विषारी साप, पण तो चावून माणूस सहसा मरत नाही, असं मीच मुलांना सांगते. डोळ्याला चावला तर काय होतं, ते मात्र कुठे वाचल्याचं आठवेना. माझ्या श्वासाने फूल हलत होतं, म्हणून श्वास रोखून धरला. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ज्या देवीला मी मानत नाही तिला मी साडीचोळी बोलले.

तो जरासा मागे सरकला, तसं मामांनी घोट्यांना धरून मला हळूहळू ओढून घेतलं.

"देवीनं हात वाचवला तुजा. तोडाया गेली असतीस तर?"

तिने नाही म्हटलं म्हणूनच तर मी तिथे तोंड नेऊन ठेवलं, हे मला त्यांना सुनवायचं होतं. पण आधी मी दोन्ही डोळे चोळून बघितले.

त्या फुलाची जात अजून ठरलेली नाही. साडीचोळी घेऊन ठेवली आहे, पण ती वाहायला राईत जावं लागेल, आणि पाय तिकडे वळत नाहीत. त्यात आता न फेडलेल्या नवसाचीही भीती वाटायला लागली आहे.