विसरणाऱ्या मशीननं ठेवलेलं पत्र

"यात काही नाही म्हणतात सगळे. तुम्ही एकदा बघाल?" मृणालताईंनी वडिलांचा लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला.

माझं काम डेटा रिकव्हरीचं. नारायण पेठेत ऑफिस आहे. मृणालताई शाळेत शिक्षिका. वडील बॉयलर तपासणाऱ्या एका खासगी कंपनीतून रिटायर झालेले. तीन महिन्यांपूर्वी लॅपटॉपसमोर बसल्या बसल्याच गेले.

"शेवटचे काही दिवस सारखं टाइप करत होते. मी खोलीत गेले की स्क्रीन झाकायचे."

लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन सापडलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा, खोटा कॉम्प्युटर. त्यात माग न ठेवणारी सिस्टिम होती. बंद केली की सगळं विसरते.

"म्हणजे गेलंच ना?"

"बंद केली असती तर."

ती बंद झालीच नव्हती. चार्जर लावलेला नव्हता. बॅटरी संपत आली तेव्हा प्रोग्रॅमनं आपणहून आतलं मशीन होतं त्या अवस्थेत थांबवून डिस्कवर सेव्ह केलं होतं. मी आधी त्याची कॉपी काढली, नेट तोडलं आणि स्टार्ट दाबलं.

दुपारचे बारा वाजले होते. रस्त्यावर हॉर्न चालू होते. स्क्रीनवरच्या घड्याळात मात्र बॅटरी संपत आली तेव्हाचे, संध्याकाळचे सात चाळीस झाले होते. तारीख बघून मृणालताईंनी खुर्चीचा हात धरला. तारीख ते गेले त्या दिवसाची होती. मिनिटाचा आकडा पुढे सरकला. तो दिवस पुन्हा चालू झाला होता.

समोर एक पान उघडं होतं. नुसती 'त' अक्षरं, ओळीमागून ओळी. शेवटी कर्सर लुकलुकत होता.

मी वर वर जात राहिलो. चाळीसेक पानं तेच. मग पत्र लागलं. पाच कारखान्यांची नावं आणि खाली: "सर्टिफिकेटवर सही माझी आहे, पण हे बॉयलर मी पाहिलेलेच नाहीत. तिथे माणसं काम करतात. कृपया ताबडतोब त"

पुढे सगळे त.

"तपासा लिहायचं असणार," मी म्हणालो.

त्यांनी माऊस घेतला आणि पुन्हा अगदी शेवटच्या 'त'वर गेल्या.

"मी सहाला घरी आले. त्यांचं बोट कीबोर्डवरच होतं." मग हळूच म्हणाल्या, "इथे मी त्यांचा हात उचलला."

मी पंखा वाढवला.

"अहो, हे बाहेर गेलं तर त्यांचंच नाव खराब होईल," मी म्हणालो. "मी आत्ता बंद केलं आणि कॉपी पुसली, की संपलं."

"प्रिंट काढा. खाली माझं नाव घाला."

पत्र सरकारी खात्यात गेलं. पाचांपैकी दोन कारखान्यांतले बॉयलर लगेच बंद करायला लावले. मृणालताईंना चौकशीला तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा गेल्या.

क्लायंटना मी अजूनही सांगतो, अशी सिस्टिम मशीनच्या आत चालवत असाल तर काम झाल्यावर नीट शटडाउन करा. सल्ला बरोबरच आहे. फक्त देताना हल्ली जरा अडखळतो.